पिस्तूल घेण्याआधी ते चालवून पाहायचे कुठे?

या आठवड्याचे पत्र कोपरखैरण्याहून आले आहे. पत्रलेखक ५३ वर्षांचे असून वाशीच्या एपीएमसीतील मसाला बाजारात त्यांचा गाळा आहे. वसुलीची रोकड घेऊन रात्री एकट्याने घरी यावे लागते, म्हणून त्यांनी नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाकडे अर्ज केला आणि .३२ बोअरच्या (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) पिस्तूल अथवा रिव्हॉल्व्हरचा परवाना त्यांना नुकताच मिळाला. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे फिरत्या चक्राच्या घरांत भरतात, तर पिस्तुलात ती मुठीत बसणाऱ्या मॅगझिनमध्ये असतात. ते लिहितात :

‘दोहोंपैकी काय घ्यावे, हेच ठरत नाही. दुकानदार म्हणतो, हातात धरून बघा, पण गोळी झाडून पाहता येणार नाही. परवान्याआधीच्या प्रशिक्षणात काही गोळ्या झाडल्या होत्या, पण त्या धांदलीत माझ्या काहीच लक्षात राहिले नाही. ह्यूस्टनला राहणारा पुतण्या म्हणतो, “काका, दिवाळीत येतच आहात, तर इथल्या नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने पाच-सहा प्रकारची पिस्तुले चालवून बघा आणि मग ठरवा.” मुरबाडला शेतघर असलेल्या माझ्या मित्राकडे परवान्याचे पिस्तूल आहे. तो म्हणतो, एखाद्या रविवारी ये, दोन-चार राऊंड मारून बघ. पत्नीचे म्हणणे असे की, ज्याला चालवता येत नाही त्याने ती वस्तू घरात आणूच नये. मी काय करावे?’

महोदय,

विकत घेण्याआधी चालवून पाहावे, ही आपली इच्छा अगदी रास्त आहे. ती अधिक लोकांना झाली असती तर कितीतरी घरांच्या कपाटांत, एकदाही न झाडलेली आणि मालकाला नीट उघडताही न येणारी हत्यारे पडून राहिली नसती. मात्र ही इच्छा पुरी करण्याचे जे दोन मार्ग आपल्याला सुचवले गेले आहेत, ते दोन्ही आपण सोडून द्यावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आधी मुरबाडचे निमंत्रण. मित्राचा हेतू चांगला आहे, यात मला शंका नाही. परंतु १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना हा त्या व्यक्तीच्या आणि त्या विशिष्ट हत्याराच्या नावाने असतो. परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकाराने दुसऱ्याने हत्यार नेण्याची जी सवलत कलम ३ मध्ये आहे, ती दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा खुद्द परवानाधारकाच्या वापरासाठी आहे. पाहुण्याला नेम धरून पाहता यावा, यासाठी ती नाही. आपल्याजवळ स्वतःचा परवाना आहे म्हणून मित्राचे पिस्तूल आपल्यासाठी मोकळे होत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याची किमान शिक्षा दोन वर्षांची आहे आणि ती पाच वर्षांपर्यंत वाढू शकते. शिवाय मित्राचा परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो, आणि आपला नवा कोरा परवानाही त्याच चौकशीत ओढला जाईल. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी शेतात झाडलेल्या गोळीमागे मातीचा बांध असतोच असे नाही. .३२ ची गोळी शेकडो मीटर जाऊ शकते, आणि मुरबाडकडे रविवारी झाडीच्या पलीकडे गुराखी असेल, ट्रेकला आलेली मुले असतील किंवा शेजारच्या शेतघरातील कुटुंब असेल. मित्राला स्पष्ट नकार द्या. त्याने यापूर्वी इतर कोणाला असे चालवू दिले असेल, तर तेही थांबवायला सांगा.

पुतण्याचे म्हणणे ऐकायला अधिक सुरक्षित वाटते, कारण अमेरिकेत अनेक रेंजवर तासाच्या हिशेबाने पिस्तुले भाड्याने मिळतात आणि खरेदीआधी तसे चालवून पाहण्याचा तिथे प्रघातच आहे. पण ही सोय तिथल्या रहिवाशांसाठी आहे. पर्यटक व्हिसावर गेलेल्या परदेशी व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस बाळगण्यास अमेरिकेचा केंद्रीय कायदा सर्वसाधारणपणे मनाई करतो, आणि रेंजवर घटकाभर भाड्याने घेतलेले पिस्तूलही त्यात येते. वैध शिकार परवान्यासारखे अपवाद आहेत, पण ते मोजकेच आहेत. पुतण्याला हे ठाऊक नसणे स्वाभाविक आहे; परिणाम मात्र आपल्या व्हिसावर होतील. तसेच तिथे ज्या पिस्तुलांची चलती आहे, त्यांतील बहुतेक ९ मिमीची असतात. तो बोअर भारतात सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित आहे, आणि परदेशी हत्यारांची खासगी आयात सामान्य परवानाधारकासाठी १९८० च्या दशकापासून बंद आहे. म्हणजे जे आपल्याला घेताच येणार नाही, त्याची पारख करून आपण परत याल. आणखी एक सांगते : पुतण्या हौसेने झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी आठवण म्हणून देईल, तर ती घेऊ नका. सामानात तशी वस्तू निघाली तर विमानतळावर तासन्‌तास खुलासे देत बसावे लागेल.

मग आपल्याकडे काय शक्य आहे? इथे आधी एक फरक लक्षात घ्यावा लागेल. आपल्या रेंज या दुकानांना जोडलेल्या नाहीत. त्या खेळाच्या आहेत. तिथे कोणी पाच पिस्तुले मांडून ‘यांतले कोणते आवडले?’ असे विचारणार नाही. तिथे हात, डोळा आणि श्वास यांना वळण लावले जाते. आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथेच आहे, असे माझे मत आहे, कारण ज्याचा हात अजून तयार झालेला नाही, त्याला पाच हत्यारांतील फरक कळूच शकत नाही. त्याला ती पाचही सारखीच दांडगी वाटतात, आणि मग तो दिसायला जे ऐटबाज आहे ते उचलतो.

आपल्या भागातून जाण्यासारखी ठिकाणे आहेत. ठाणे आणि नवी मुंबईत १० मीटरच्या एअर पिस्तूल रेंज चालवणारी प्रशिक्षण केंद्रे आहेत. दादरला शिवाजी पार्कजवळच्या स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकात नेमबाजीचे प्रशिक्षण मिळते, तर वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. पुण्याच्या बालेवाडी क्रीडा संकुलात १०, २५ आणि ५० मीटरच्या रेंज आहेत. २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धांतील नेमबाजी तिथेच झाली होती. नाव नोंदवण्याआधी तीन प्रश्न विचारा. प्रौढ नवशिक्यांना शिकवणारा प्रशिक्षक प्रत्यक्ष फायरिंग लाइनवर उभा राहतो का? केंद्रात फक्त एअर पिस्तूल आहे, की सभासद झाल्यावर .२२ च्या पिस्तुलापर्यंत जाता येते? आणि पुढे आपले स्वतःचे परवानाधारक हत्यार आणून सराव करू देतात का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक रेंजचे वेगळे असते, म्हणून ते लेखी नियमांत दाखवायला सांगा.

सुरुवात एअर पिस्तुलाने करा, आणि त्यात कमीपणा मानू नका. ४.५ मिमी बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या हवेच्या हत्याराला परवाना लागत नाही, छर्रे स्वस्त पडतात आणि हाताला दणका बसत नाही. म्हणूनच आपली प्रत्येक चूक कागदावर उघडी पडते. १० मीटरच्या एअर पिस्तुलाच्या निशाणीवर दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मिमीचे असते. मनगट जरा कलले, चाप दाबताना करंगळी आवळली गेली किंवा श्वास मध्येच सुटला, की छर्रा बाजूला जातो. तिथे दणक्याला किंवा आवाजाला दोष देण्याची सोय नसते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धांत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. त्या प्रकारात .२२ चे पिस्तूल वापरतात. एअर पिस्तुलानंतर आपण ज्या पायरीवर जाल ती हीच. .२२ मध्ये खरा आवाज आहे, खरे काडतूस आहे, पण दणका सौम्य आहे.

इथे आपल्या उपयोगाची एक गोष्ट आहे, जी दुकानात कोणी सांगणार नाही. २५ मीटरच्या ‘सेंटर फायर पिस्तूल’ या क्रीडाप्रकारात .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे काडतूस जगभर वापरले जाते, आणि आपल्याकडच्या .३२ रिव्हॉल्व्हरचे काडतूसही तेच आहे. म्हणजे ज्या रेंजवर हा प्रकार चालतो, तिथे सभासद म्हणून प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आणि क्लबच्या परवान्याच्या चौकटीत या काडतुसाचा खरा अनुभव मिळण्याची शक्यता असते. क्रीडा पिस्तूल वजनाने जड आणि त्याची मूठ हाताच्या मापाची असते, तेव्हा ते खिशातल्या रिव्हॉल्व्हरसारखे वागणार नाही. तरीही त्या गोळीचा धक्का आणि आवाज आपल्या अंगाला कळेल. .३२ च्या पिस्तुलाचे काडतूस मात्र निराळे, ७.६५ मिमी ब्राउनिंग नावाचे असते. दोन्हींना आपण बोलताना ‘बत्तीस’ म्हणतो, म्हणून खरेदीच्या वेळी डब्यावरचे पूर्ण नाव वाचून घ्या. एकाचे काडतूस दुसऱ्यात घालून पाहण्याचा मोह कधीही होऊ देऊ नका.

आता प्रत्यक्ष पारख. दुकानात गोळी झाडता येत नसली तरी रिकाम्या हत्याराने बरेच काही कळते. दुकानदाराला हत्यार आपल्यासमोर उघडून रिकामे असल्याचे दाखवायला सांगा आणि मग आपण स्वतः पुन्हा पाहा. मूठ पकडल्यावर तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज टेकते का, की बोट ताणावे लागते? चाप रिकामा ओढून पाहण्याआधी दुकानदाराची परवानगी घ्या आणि डमी, म्हणजे दारू नसलेले नकली काडतूस मागा. रिव्हॉल्व्हरचा घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा मागचा भाग, आधी न ओढता नुसता चाप दाबला, तर तो लांब आणि जड जातो. हात पुढे धरून, माशी, म्हणजे नेम धरण्यासाठी नळीच्या टोकावर असलेला उंचवटा, हलू न देता आपल्याला तो सलग दहा वेळा दाबता येतो का, ते पाहा. चौथ्या-पाचव्या वेळी बोट थरथरू लागले, तर ते बोट अजून तयार नाही, असे समजा. पिस्तुलाच्या बाबतीत वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, पूर्ण मागे खेचून सोडता येते का, हे तपासा. दिवसभर गाळ्यावर बसून रात्री खांदे अवघडलेले असतात, तेव्हाही ती खेचता आली पाहिजे.

वजनाकडे बारकाईने लक्ष द्या. कानपूरच्या आयुध निर्माणीने २०१४ मध्ये आणलेले ‘निर्भीक’ हे .३२ रिव्हॉल्व्हर टायटॅनियम मिश्रधातूचे असून त्याचे वजन सुमारे ५०० ग्रॅम आहे, तर सरकारी कारखान्यांचे नेहमीचे पोलादी .३२ रिव्हॉल्व्हर सुमारे ७०० ग्रॅमचे असते. हलके हत्यार जवळ बाळगायला सोपे, पण गोळी तीच असल्यामुळे त्याचा धक्का हाताला अधिक लागतो, आणि धक्का अधिक लागला की माणूस सराव टाळू लागतो. नवशिक्याने हलक्याच्या मागे लागू नये, असे मला मनापासून वाटते.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, या प्रश्नावर माझा कल रिव्हॉल्व्हरकडे आहे. रिव्हॉल्व्हर उघडले की चक्रातील सहा घरे डोळ्यांना दिसतात. भरलेले आहे की रिकामे, याबद्दल संभ्रम राहत नाही. पिस्तुलाचे मॅगझिन काढल्यावरही एक काडतूस नळीमागच्या खोबणीत, म्हणजे चेंबरमध्ये, राहू शकते, आणि ‘रिकामेच होते’ असे सांगितल्या जाणाऱ्या कित्येक अपघातांचे मूळ तिथेच असते. परवान्यावर काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते, त्यामुळे आपला सराव बेताचाच होणार. अशा माणसाच्या हाती जितके साधे यंत्र असेल तितके बरे. मात्र रिव्हॉल्व्हरचा जड चाप आपल्या बोटाला काही केल्या झेपत नसेल, तर माझे मत बाजूला ठेवा आणि पिस्तूल घ्या. हा निर्णय आपल्या बोटाने करायचा आहे.

रेंजवर गेल्यावर प्रशिक्षकाकडे एक चाचणी आवर्जून मागा. त्यांनी आपल्याला दिसू न देता चक्रात काही खरी आणि एखाद-दुसरे डमी काडतूस मिसळून भरायचे आणि हत्यार आपल्या हाती द्यायचे. पहिली गोळी सुटते, दुसरी सुटते, आणि मग चाप दाबल्यावर नुसताच ‘टक्‌’ असा आवाज येतो. त्या क्षणी गोळी सुटलेली नसते, दणका नसतो, तरी नळीचे टोक झटक्यासरशी खाली जाते, मनगट ताठ होते आणि डोळे मिटलेले असतात. हत्यार हललेले नसते, धक्का येणार या धास्तीने माणूसच हललेला असतो. हे पाहिल्यावर ‘या पिस्तुलाचा नेमच डावीकडे जातो’ ही तक्रार बंद होते. डमी आल्यावर माशी जागच्या जागी राहू लागली, की एका हत्याराची दुसऱ्याशी तुलना करण्याची पात्रता आपल्याला आली, असे मानायला हरकत नाही.

आपल्या वयाला आणखी एक बाब लागू होते. नेम धरताना नजर लक्ष्यावर नव्हे, तर माशीवर स्थिर करायची असते, आणि ती डोळ्यांपासून हातभर अंतरावर असते. बायफोकल चष्मा असेल तर वरच्या भिंगातून माशी पुसट दिसते आणि खालच्या भिंगातून पाहण्यासाठी मान मागे टाकावी लागते. मान मागे गेली की खांदे आणि पकड दोन्ही बिघडतात. हात पुढे करून डोळ्यापासून माशीपर्यंतचे अंतर टेपने मोजा आणि त्या अंतरासाठी काय करता येईल, ते आपल्या नेत्रतज्ज्ञांना विचारा. मात्र रात्री रस्त्यावर तो वेगळा चष्मा आपल्या नाकावर नसेल, हेही ध्यानात ठेवा. म्हणून सराव नेहमीच्या चष्म्यानेही करून पाहा.

रेंजवर कानांना संरक्षण आणि डोळ्यांवर सुरक्षा-चष्मा असल्याशिवाय लाइनजवळ जाऊ नका. बंदिस्त जागेत एकाच गोळीचा आवाज कानाला कायमची इजा करू शकतो. गळाबंद सदरा घाला, कारण शेजारच्या पिस्तुलातून उडालेली तापलेली पुंगळी उघड्या गळ्यातून आत गेली तर माणूस भरलेले हत्यार हातात असताना उडी मारतो. झाडलेल्या काडतुसांमुळे शिशाचे कण हातांवर बसतात; म्हणून हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नका आणि घरी गेल्यावर लहान मुलांना जवळ घेण्याआधी कपडे बदला.

आपल्या पत्नीच्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे. ज्याला चालवता येत नाही त्याने घरात आणू नये, हे त्यांचे वाक्य विरोधाचे नसून अटीचे आहे, आणि ती अट पुरी करणे आपल्या हातात आहे. रेंजवर त्यांनाही सोबत न्या. त्यांना शिकायचे असेल तर एअर पिस्तूल त्यांच्यासाठीही खुले आहे. मात्र आपल्या परवान्याचे हत्यार त्यांनी हाताळायचे नाही, हे दोघांनीही पक्के समजून घ्या. त्यासाठी जमिनीत किंवा भिंतीत बसवलेली लोखंडी तिजोरी हत्यारापूर्वी घरी आली पाहिजे, काडतुसे वेगळ्या कुलपात असली पाहिजेत, आणि किल्ली आपल्याकडेच राहिली पाहिजे. निवडणुकीच्या काळात पोलिसांचा तसा आदेश आला तर हत्यार जमा करावे लागते. त्याची पावतीही त्याच तिजोरीत ठेवा.

रोकडीबद्दल बोलल्याशिवाय मला हे उत्तर पुरे करता येत नाही. स्थिर उभे राहून, भरपूर उजेडात, १० मीटरवरचा कागद किती वेळा चुकतो, हे आपण रेंजवर पाहालच. गाडीत पट्टा लावून बसलेले असताना, पाम बीच रोडच्या सिग्नलवर कोणी काच फोडली तर काय होईल, याचा विचार त्या अनुभवानंतर प्रामाणिकपणे करा. वसुली बँकेमार्फत वळवणे, रोकड दुपारीच भरणे, रात्री एकट्याने न जाणे हे उपाय हत्यार घेतल्यावरही सोडू नका. आणि काही महिने शिकल्यावर घेऊच नये असे वाटले, तर तोही निर्णय पूर्ण सन्मानाचा आहे.

राहिला मुदतीचा प्रश्न. परवान्यावर खरेदीसाठी जी तारीख घातली असेल, ती आजच पाहा. शिकायला लागणारा वेळ तिच्यात बसत नसेल, तर मुदत संपण्याची वाट न पाहता बेलापूरच्या आयुक्तालयातील शस्त्र परवाना शाखेकडे मुदतवाढीचा लेखी अर्ज द्या. अर्जात आपण प्रशिक्षण घेत असल्याचे स्पष्ट लिहा, केंद्राची नोंदणी-पावती जोडा आणि अर्जाच्या प्रतीवर पोहोच घ्या. खरेदी झाल्यावर हत्यार विहित वेळेत दाखवून परवान्यावर त्याच्या क्रमांकाची नोंद करून घ्यावी लागेल, आणि रेंजवर नेताना ते रिकामे, बंद पेटीत व मूळ परवान्यासह न्यावे लागेल. पुतण्याकडे जाऊन येईपर्यंत एअर पिस्तुलाचे प्राथमिक वर्ग पुरे होतील, अशा बेताने याच महिन्यात नाव नोंदवा.